खडूची फुली

जुल्नार सेटवर यायच्या आधी
जुल्नारच्या जागी मी उभी असायचे.
जमिनीवर खडूची फुली, फुलीवर माझी पावलं,
आणि वर शिडीवरून उस्ता फहमी ओरडायचा,
"हनुवटी खाली, इन्आम. अजून. श्वास घे की, मेलीस का?"
दिवे माझ्या गालावरून फिरत फिरत
तिचा गाल शोधायचे.
सापडला की मला सांगायचे, जा.

उंची आमची सारखी, खांदे सारखे.
बाकी सगळं तिचं.

ती रशीदची, नावाड्याची पोर. खरं नाव इन्साफ.
पहिल्या सिनेमात वाट्याला एकच वाक्य:
"कॉफी आणू का, पाशा?"
सतरा वेळा आणली.
सतराव्या कपाला दिग्दर्शक खुर्चीतून उठला,
निर्मात्याला म्हणाला, या मोलकरणीला नाव द्या.
नाव दिलं. भुवया कोरल्या. पुढचा एक दात बदलला.
बापाने तिला पडद्यावर ओळखलं ते
ओलं फडकं पिळण्याच्या ढबीवरून,
कोपरं बाहेर काढून, नावेचा दोर पिळावा तशी.
पुढे बारा वर्षं तो तिच्याशी बोलला नाही.
तिकिटं मात्र जपून ठेवायचा, तंबाखूच्या डबीत.

पडद्यावर ती अकरा वेळा मेली.
तीनदा क्षयाने, एकदा ट्रामखाली,
एकदा नुसतीच, पत्र वाचता वाचता.
नाईलमध्ये दोनदा बुडाली,
पण पाण्यात दोन्ही वेळा मी होते.
तिला पोहता यायचं,
आणि पोहणाऱ्या माणसाला
बुडण्याचं सोंग जमत नाही,
हात आपोआप पाणी कापू लागतात.
मला पोहता येत नव्हतं.
सगळ्यांनी माझ्या बुडण्यासाठी तिचं कौतुक केलं.
तिने त्या रात्री मला आपला कोट दिला.
परत मागितला नाही, आठवणही काढली नाही.

सदुसष्टच्या जूनमध्ये खिडक्यांना निळा रंग फासला.
दिवे धरणारी पोरं सिनाईत गेली.
उस्ता फहमीचा धाकटा आलाच नाही.
लग्नाचा सेट तसाच उभा होता हिवाळाभर,
प्लास्टरची डाळिंबं उंदरांनी कुरतडून पाहिली
आणि सोडून दिली.

ती बैरूतला गेली. मला नेलं नाही,
तिथे उभ्या राहणाऱ्या बायका स्वस्त मिळत.
तिथले सिनेमे रंगीत.
शुब्राच्या थिएटरात, चौथ्या रांगेत बसून
मला पहिल्यांदा कळलं
की तिचे डोळे मधाच्या रंगाचे आहेत.
इतकी वर्षं समोरून पाहत होते,
पण दिव्यांनी आंधळी झाल्यावर
कोण कुणाचा रंग बघतं.

परतली तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती.
पन्नाशीच्या नायकाची आई म्हणून सही केली,
हसून केली, आगाऊ रक्कम मोजून घेतली,
मग मेकअपच्या खोलीत
आरशाकडे पाठ करून बसली.
"पांढरे केस लावताय ते नीट लावा," एवढंच म्हणाली,
"विधवेचा भांग वाकडा नसतो."

आता तिचे सिनेमे दुपारी टीव्हीवर लागतात,
चुंबनं कापून.
दार उघडतं, आणि एकदम दोघं दूर उभी,
तिचे केस विस्कटलेले,
कशाने ते कुणालाच कळत नाही.
माझी नात विचारते, वारा सुटला होता का गं?
मी म्हणते, हो, फार.

अगूझाला, तिसऱ्या मजल्यावर राहते ती.
लिफ्ट बंद. मंगळवारी मी मुलूखिया घेऊन जाते,
ती लसणाला नावं ठेवते आणि दोनदा वाढून घेते.
डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला नाही म्हणते,
"पाहण्यासारखं काय राहिलंय? तू?"

परवा तिच्या खिडकीची झडप उघडली.
ऊन आत आलं, थेट खुर्चीपर्यंत.
"कुठून येतोय?" तिने विचारलं.
"डावीकडून," मी म्हटलं.
तिने हनुवटी खाली घेतली.
अजून थोडी.
मी मध्ये उभी होते.
बाजूला झाले.